सातवा बोळा

थंडा मिस्त्रीने जन्मात कधी आवाज चढवला नाही. गल्लीतले बाकीचे मिस्त्री हाताखालच्या माणसांच्या सात पिढ्यांचा उद्धार केल्याशिवाय एक नट फिरवत नसत. हा मान वर न करता एकच शब्द विचारायचा. आवळलास? आवळला. नक्की? एवढ्यावर भागायचं. समोरच्याची जीभ टाळ्याला चिकटायची आणि तो गुपचूप पाना उचलून पुन्हा वाकायचा. तापलेली इंजिनं थंड ठेवणं हा त्याचा धंदा. रेडिएटर उघडायचे, आतला गाळ काढायचा, गळक्या नळीला कथील वितळवून डाख द्यायचा. स्वभावही धंद्यासारखाच, म्हणून नाव थंडा. ठेवणाऱ्याने विचार करून ठेवलं होतं.

गाळ्याची एक शिस्त होती. रेडिएटर काढला की त्याला जोडलेल्या पाइपांची तोंडं उघडी पडतात, आणि उघड्या तोंडात धूळ, लोखंडाचा कीस, एखादा किडा, काय वाटेल ते जातं. म्हणून पाइप सुटला रे सुटला की त्याच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबायचा आणि बोळ्याची शेपटी वीतभर बाहेर लोंबती ठेवायची. बोळे सात. भिंतीवरच्या फळीला खिळेही सात. काम संपलं की बोळे काढून खिळ्यांना अडकवायचे, मोठ्याने मोजायचे, आणि सातही खिळे भरले तरच इंजिन चालू करायचं. थंडा मिस्त्रीने कोणावर हात उगारल्याचं गल्लीला एकदाच आठवतं. एका कामगाराने खिळे न मोजता गाडी चालू केली, तेव्हा.

बोळे शिवले होते सुनेने, लग्न होऊन आल्यावर पहिल्याच महिन्यात. घरातला एक जाड पिवळा पडदा फाटला होता. तिने त्याचे चौकोन कापले आणि धागे सुटून पाइपात जाऊ नयेत म्हणून चारी कडा दुमडून हाताने टीप घातली. मिस्त्रीने एक चौकोन उलटसुलट करून बघितला आणि "बरं केलंस, सूनबाई," म्हणाला. त्याच्या तोंडून एवढं म्हणजे फार झालं. ती बिचारी त्या तीन शब्दांवर वर्षभर खूश होती.

आता त्या फळीवर पिवळे बोळे सहाच होते. सातव्या खिळ्याला करड्या कापडाचा तुकडा लटकत होता. कडा न दुमडलेला, पत्र्याच्या कात्रीने कसातरी कापलेला. चिमटीला तो लहानपणापासून तसाच माहीत होता, आणि लहानपणापासून जे तसंच असतं त्याबद्दल माणूस विचारत नाही.

चिमटी म्हणजे मिस्त्रीची नात. काटकुळी, लांब बोटांची. पकडीला न सापडणारा स्क्रू तिच्या बोटांना सापडायचा, म्हणून आजोबांनीच ठेवलेलं नाव. डाख द्यायला त्यांनीच शिकवलं, मागे उभं राहून, तिच्या हातांवर स्वतःचे हात ठेवून. बाप नसलेल्या पोरीला आजोबाने बापाची माया दिली असं गल्ली म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं. वर्षापूर्वी त्यांचं डावं अंग लुळं पडलं, तेव्हापासून गाळा तिच्या एकटीच्या अंगावर होता.

तिचा बाप ज्या मोटारसायकलवरून गेला, तिला गल्लीत बंब म्हणायचे. त्या काळच्या बाकी मोटारसायकली वाऱ्यावर थंड होत. हिला मात्र मोटारीसारखा पुढे रेडिएटर, पोटाखाली पाण्याचा पंप आणि अंगभर नळ्या. बापाचा जीव त्या गाडीवर. गळतो म्हणून तिचा रेडिएटर मिस्त्रीने काढला, स्वतः डाख दिला, स्वतः बसवला. सकाळी मुलगा गाडी घेऊन निघाला. गाडीत पाणी भरायचं काम बायकोचं, रोजचं. गावाबाहेरच्या लांब चढावर इंजिन तापलं, पिस्टन जाम झाले, मागचं चाक फिरता फिरता जागीच थांबलं आणि गाडीने त्याला समोरच्या ट्रकपुढे टाकलं. रेडिएटर चेपून फुटला. त्यात असेल नसेल ते पाणी रस्त्यावर सांडून गेलं.

घर माणसांनी भरलेलं असताना मिस्त्रीने सुनेला विचारलं, पाणी भरलं होतंस का? ती म्हणाली, भरलं होतं. त्याने मान वर न करता विचारलं, नक्की? आणि ती गप्प झाली. रोज भरायची ती. आजचं भरणं कालच्या भरण्यापासून वेगळं कसं काढायचं? तोंडात शब्द येईपर्यंत खोलीतल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या होत्या, आणि तेवढ्या वेळात काय तो निकाल लागला. "जाऊ दे," मिस्त्री म्हणाला, "चूक कोणाच्याही हातून होते." केवढं हे मन, असं त्या दिवशी सगळे म्हणाले. मुलगा गेला तरी सुनेला एका शब्दाने बोलला नाही.

तिनेच स्वतःला बोलायला सुरुवात केली. पाणी न भरता आपण नवऱ्याला घराबाहेर काढलं, हे तिने मनाशी धरलं आणि त्यानंतर स्वतःच्या कोणत्याच आठवणीवर विश्वास ठेवला नाही. गॅस बंद केला की चौकटीवर खडूने एक रेघ. नळ बंद केला की रेघ. दाराला कुलूप लावलं की रेघ, आणि अर्ध्या वाटेवरून परत येऊन ती रेघ आहे ना हे बघणं. गल्लीतली मंडळी तिला पाठीमागे खडूबाई म्हणायची. चिमटीच्या शाळेच्या दप्तरावरसुद्धा आतून रेघा असायच्या, डबा दिला, पाण्याची बाटली दिली. मुली हसायच्या. चिमटी घरी येऊन आईवर चिडायची, आणि आई खाली मान घालून पुन्हा एक रेघ ओढायची.

आणि सासऱ्याचं करायची. ते धडधाकट होते तेव्हाही त्यांना गरम पाणी, गरम जेवण, धुतलेले कपडे वेळच्या वेळी. अंग लुळं पडल्यावर तर न्हाऊमाखू घालणं, भरवणं, रात्रीबेरात्री कूस बदलणं. तोंडातून ब्र नाही. आपण ज्यांचा मुलगा घालवला ते आपल्याला घरात ठेवून घेतात, याचं ओझं तिच्या पाठीवर कायम. चिमटीला ते बघवत नसे.

म्हणून तिने बंब उघडायचं ठरवलं. गाळ्याच्या मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली तो इतकी वर्षं उभा होता, आणि आजोबांनी त्याला कोणाला हात लावू दिला नव्हता. दुःख आहे म्हातार्‍याचं, म्हणून कोणी विषय काढत नसे. आता म्हातारा आतल्या खोलीत खाटेवर होता. चिमटीचा हिशेब सरळ होता. इंजिन पाणी नसताना तापतं, तसं पाणी असूनही तापतं. पंपाची पाती तुटली, किंवा थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला, की पाणी आत असून फिरत नाही. असा एक जरी भाग मोडका निघाला, तरी तो आईच्या हातात ठेवायचा आणि सांगायचं, हा बघ, याने घालवलं बाबांना. तू नाहीस.

आईला तिने एवढंच सांगितलं की गाडी दुरुस्त करतेय. आईने ताडपत्रीच्या ढिगाकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, कर. त्यानंतर बंब उभा होता त्या बाजूला ती फिरकली नाही.

इंजिन मोकळं करायला शेजारचा लेथवाला टर्नर आला. त्याने पिस्टनवर तेल सोडून, दोन दिवस मुरू देऊन, लाकडाचा ठोकळा ठेवून ते हळूहळू खाली उतरवले. बापाचा दोस्त होता तो. पिस्टनच्या अंगावरचे उभे ओरखडे त्याने बोटाने दाखवले आणि पाना खाली ठेवला.

"हे तापण्याचे ओरखडे आहेत. पाणी नव्हतं, पोरी," तो म्हणाला. "सगळ्या गल्लीला माहीत आहे. तुझ्या आईसाठी म्हणून तरी हे परत झाकून ठेव."

चिमटीने ठेवलं नाही. तिने थर्मोस्टॅट काढला. पाण्याचा रस्ता उघडझाप करणारं हे पितळी झाकण. थंड पाण्यात मिटलेलं असतं, पाणी तापलं की उघडतं. स्टोव्हवर भांडं ठेवून तिने त्यात ते दोऱ्याने टांगलं. देवाची करुणा भाकावी तशी ती मनात म्हणत होती, उघडू नकोस, उघडू नकोस. भांड्यात बारीक बुडबुडे आले आणि इतक्या वर्षांचं गंजकं झाकण कालच बसवल्यासारखं अलगद उघडलं. तिने ते परत थंड पाण्यात टाकलं, परत तापवलं. परत उघडलं.

मग पंप. पंपाचा दांडा गंजून धरला होता, तो टर्नरने सोडवून दिला. पाती सगळी जागेवर, एकही टवका उडालेला नाही. पंपाचं सील कडक झालं होतं, पण ते उभं राहून राहून; गळल्याची खूण नाही. रबरी पाइप चिरले होते तेही वयाने. चिमटी एकेक भाग रॉकेलमध्ये धुऊन फडक्यावर मांडत गेली, आणि जो भाग चांगला निघेल तो तिला नकोसा होत गेला. दुसऱ्या कोणत्याही गाडीचं एवढं जुनं सामान इतकं धड निघालं असतं तर तिने गल्लीभर मिरवलं असतं. इथे प्रत्येक धड भाग आईच्या माथी एक दगड ठेवत होता. शेवटी बाकावर सगळी गाडी निर्दोष पडली होती, आणि दोषी एकच माणूस उरलं होतं, जे आत सासऱ्याची चादर बदलत होतं.

त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. आईने विचारलं, काय झालं? काही नाही, म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या मनात आलं, की असेलही. आई विसरलीच असेल. आणि असं वाटल्याची तिला इतकी लाज वाटली की आईच्या नजरेला नजर देववेना.

तरी काम अर्धं टाकायची सवय नव्हती. चेपलेला रेडिएटर तिने उघडला, आतली जाळी नवीन घातली, दोन्ही टाक्यांना डाख दिला, हवा भरून पाण्यात बुडवून बघितला. एक बुडबुडा नाही. आता उरला तो खालचा पाइप. रेडिएटरच्या बुडाकडून निघून गाडीच्या सांगाड्याखालून वळण घेत पंपाकडे जाणारा लोखंडी पाइप. त्यात हलणारं, मोडणारं काहीच नसतं, म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नाही. चिमटीनेही नव्हतं बघितलं. धुवायचा म्हणून तिने त्याच्या तोंडाला नळी लावली आणि पाणी सोडलं. पाणी पाइपात गेलं, भरलं आणि तिच्या पायावर परत आलं. दुसऱ्या तोंडातून झिरपल्यासारखे चार थेंब.

गाळ असेल, तिला वाटलं. तिने दुसऱ्या तोंडातून तार घातली. तार वळणापर्यंत गेली आणि मऊ कशात तरी रुतली. गाळ असा लागत नाही. तिने तारेच्या टोकाला आकडा केला, आत फिरवला, ओढला. जे आलं ते आधी तिला मेलेल्या उंदरासारखं वाटलं. काळपट, गंजाने माखलेलं. गाडीतलं पाणी त्याच दिवशी सांडून गेल्यामुळे पाइप कोरडा राहिला होता आणि कापड कुजलं नव्हतं. तिने ते बादलीत चोळलं. गंज सुटला तसा आतून पिवळा रंग वर आला, आणि कडेला बारीक, सरळ, एकसारखी हाताने घातलेली टीप.

मागून पाइपातून पाणी घळाघळा वाहत होतं. नळ बंद करायचं तिला सुचलं नाही.

तिने फळीकडे बघितलं. सहा पिवळे आणि एक करडा. कोणाला काही विचारायचीही गरज नव्हती. पाइपात बोळा राहिला होता. तसा तो राहिला तरी भरलेलं पाणी आजूबाजूने झिरपत सगळीकडे पोचतं, टाकी भरल्यासारखी दिसते. पण इंजिन चालू झालं की पंप तोच बोळा ओढून वळणात घट्ट बसवतो आणि मग पाणी फिरत नाही. आणि तो रेडिएटर काढला कोणी, बसवला कोणी, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

आजोबा उशीला टेकून बसले होते. अलीकडे त्यांना सकाळचं दुपारी आठवत नसे, पण जुनं सगळं लख्ख होतं. चिमटीने ओला बोळा त्यांच्या चांगल्या हातात ठेवला. आई बाहेर औषधं आणायला गेली होती. म्हाताऱ्याने अंगठ्याने ती टीप चाचपली. दचकला नाही. इतक्या वर्षांचा पाहुणा एकदाचा दारात आला, असा चेहरा.

"कुठे होता?"

"तुम्ही कोंबला होतात तिथेच."

त्याची जीभ जड झाली होती, बोलायला वेळ लागायचा. तिने घाई केली नाही. डाख देताना ज्योत जवळ होती, तो म्हणाला. शेपटी पेट घेईल म्हणून आत दाबली. नंतर दिसलीच नाही. आणि खिळे? चिमटीने विचारलं. खिळे मोजले नव्हते. मुलगा घाईत होता, आणि आपण बसवलेलं काम आपणच काय मोजायचं, असं वाटलं. तो गेल्यावर फळीकडे लक्ष गेलं. सहा. टर्नरकडे तेव्हा स्कूटर होती, त्याला मागे पाठवता आलं असतं. पण पाठवायचं म्हणजे त्याला सांगावं लागलं असतं की थंडा मिस्त्री पाइपात बोळा विसरला. कामगारावर ज्यासाठी हात उगारला तेच आपण केलं. तासाभरात परत येईल, आला की गुपचूप काढू, असं म्हणून तो दारात उभा राहिला. तासाभराने जे आलं ते वेगळंच होतं. संध्याकाळी माणसं जमायच्या आत त्याने जुन्या पोत्याचं कापड कापून सातवा खिळा भरला.

ज्या माणसाने आपल्या हातांवर हात ठेवून शिकवलं त्याला मारावंसं वाटतंय, हे चिमटीला कळलं आणि तिने दोन्ही हात मागे घेतले.

"आणि आईला विचारलंत, नक्की का."

"एकदाच विचारलं," म्हातारा म्हणाला. "तिने नक्की म्हटलं असतं, तर मी सांगून टाकणार होतो. ती गप्प बसली."

मग त्याने तिचं मनगट धरलं. चांगल्या हातात अजून पकड होती. "आत्ता सांगू नकोस. मी गेल्यावर सांग. तिने हात काढून घेतला, तर माझं कोण करणार? तू काही बोलू नकोस, चिमटे."

तिने मनगट सोडवून घेतलं आणि बोळा उचलून गाळ्यात आली. बाकावर निर्दोष सामान मांडलेलं होतं. ती त्याच्यासमोर बसून राहिली. सांगायचं म्हणजे आईला सांगायचं की तू काही केलं नाहीस. आणि त्याच तोंडाने हेही, की ज्याने केलं त्याचं तू इतकी वर्षं उष्टं काढलंस. न सांगायचं म्हणजे म्हाताऱ्याचा शेवट नीट जावा म्हणून आईने अजून काही वर्षं रेघा ओढायच्या. शेवटी तिने तेच केलं जे या गाळ्यात काम संपल्यावर करायचं असतं. बोळा नीट पिळला, झटकला आणि सातव्या खिळ्याला, करड्या तुकड्यावर, अडकवला.

दिवे लागायच्या वेळी आई गाळा बंद करायला आली. गाळ्यात काम असो नसो, फळी मोजल्याशिवाय ती शटर ओढत नसे. एकेका बोळ्याला बोट लावत ती मोजत गेली, आणि सातव्याशी बोट थांबलं. बोट ओलं झालं होतं. तिने बोळा काढला, कड उलटली, टिपेवरून नख फिरवलं. मग खालचा करडा तुकडा बघितला, जणू आज पहिल्यांदाच.

"हा माझा आहे," ती म्हणाली. "कुठे सापडला?"

"बंबच्या खालच्या पाइपात. वळणात अडकला होता."

रेडिएटरच्या गाळ्यामागे जिने संसार केला तिला पुढचं समजावून सांगावं लागत नाही. ती बाकाचा आधार घेऊन खाली बसली. मग ती बोलली ती चिमटीशी नव्हे, हातातल्या कापडाशी.

"दोन तांबे पाणी घातलं होतं मी. दुसरा अर्धा उरला. तो दारातल्या कुंडीत ओतला. कुंडीतली माती उडून त्यांच्या बुटावर पडली, तर ते हसले." तिने डोळे पुसले नाहीत. "मला सगळं आठवत होतं गं. सगळं. पण सगळे माझ्याकडे बघत होते."

चिमटी तिच्याजवळ खाली बसली. आईने एकच विचारलं, त्यांना माहीत होतं? चिमटीने मान डोलावली. कधीपासून? त्याच दिवसापासून, चिमटी म्हणाली. आई उठली, शटर ओढलं, कुलूप लावलं आणि बोळा कमरेला खोचून आत गेली.

रोजच्यासारखा तिने सासऱ्याला मऊ भात भरवला. रोजच्यासारखं तोंड पुसलं. हृदयाची ती बारीक पांढरी गोळी जिभेवर ठेवली, वरून पाणी दिलं, गोळी घशाखाली उतरेपर्यंत हनुवटीला हात लावून थांबली. गोळी चुकली तर वाईट आणि दोनदा गेली तर त्याहून वाईट, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून खाटेजवळच्या भिंतीवर तारखेप्रमाणे रेघा होत्या, एका ओळीत, महिनाभराच्या. म्हाताऱ्याला पाच मिनिटांपूर्वीचं आठवत नसे. तो मान वळवून रेघ बघायचा आणि निवांत झोपायचा. चिमटी दारात उभी राहून हे सगळं बघत होती.

आईने खडू काढला नाही. भांडी गोळा केली. म्हाताऱ्याचा डोळा लागल्यासारखा झाला, मग तो उघडला.

"सूनबाई, गोळी दिलीस का?"

"दिली, मामंजी."

त्याने भिंतीकडे बघितलं. आजची रेघ नव्हती. त्याच्या कपाळावर आठी आली आणि सवयीने तोंडातून शब्द निघाला. "नक्की?"

आईने कमरेला हात घातला. पिवळा बोळा काढून त्याच्या पेल्यातल्या पाण्यात भिजवला आणि त्या बोळ्याने ती भिंत पुसायला लागली. घाई नाही, राग नाही. एका टोकापासून सुरुवात करून सगळ्या रेघा, पार शेवटपर्यंत. म्हातारा तिच्या हाताकडे बघत होता. हातातलं कापड ओळखलं तेव्हा त्याच्या चांगल्या बाजूचाही ओठ खाली आला.

"आता तुम्हीच आठवून बघा," ती म्हणाली, आणि भांडी घेऊन बाहेर गेली.

म्हाताऱ्याने उठायची धडपड केली. जमलं नाही. त्याची नजर दाराशी आली. "चिमटे, तू इथेच होतीस ना? दिली का तिने? सांग ना. दिली का?"

चिमटीने बघितलं होतं. गोळी जिभेवर ठेवलेली, पाणी, हनुवटीला लावलेला हात. एक शब्द बोलला की म्हातारा झोपला असता. तो शब्द तिच्या ओठांपर्यंत आला, कारण तिचा जीव होता या माणसावर, अजूनही होता, आणि त्याचंच तिला जास्त रडू येत होतं. तिने त्याची चादर नीट केली. तू काही बोलू नकोस, असं त्यानेच सांगितलं होतं. ती काही बोलली नाही.

स्वयंपाकघरात आई ओट्याशी उभी होती. भांडी घासून झाली होती, गॅस बंद होता. मागून खोलीतून हाका येत होत्या. सूनबाई, दिली का, नक्की दिली का. आईने गॅसचं बटण परत पिळून बघितलं. हात मागे घेतला. परत पिळून बघितलं. चिमटी म्हणाली, आई, बंद आहे. आईने मान डोलावली.

"ते एक पाणी भरलेलं तेवढं परत मिळालं गं," ती म्हणाली. "बाकीचं सगळं कुठून आणू?"

तिने पदराचं टोक सोडलं, त्यातला खडू काढला आणि चौकटीवर, कालच्या रेघेशेजारी, एक रेघ ओढली.